उंबरखिंड टेबलावर: थर्माकोल, सॉफ्टबोर्ड आणि काथ्याचा सह्याद्री

प्रश्न थोडक्यात असा: २८ मिमी उंचीचे ऐंशी-नव्वद छोटे सैनिक आहेत, सहा बाय चार फुटांचं टेबल आहे आणि त्यावर मराठे विरुद्ध मोगल ही उंबरखिंडीची लढाई वॉरगेम म्हणून, म्हणजे सैनिक चालीचालीने हलवत, खेळायची आहे. विकतचं टेरेन, म्हणजे टेबलावर मांडायचे तयार डोंगर-झाडं, परवडत नाही. थर्माकोलचा डोंगर करून पाहिला, तर स्प्रे मारताच तो विरघळला आणि त्याला खड्डे पडले. जो भाग वाचला त्याच्या उतारावर सैनिक उभे राहत नाहीत, घरंगळतात. टाकाऊ सामानातून टिकाऊ काही होईल का?

होईल. पण या दोन तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत. थर्माकोल विरघळला तो रंगामुळे. सैनिक घरंगळले ते डोंगराच्या आकारामुळे. दुसरी चूक जास्त महाग पडते, कारण रंग पुन्हा देता येतो, आकार पुन्हा देता येत नाही. आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्याची सवय असल्यामुळे हात आपोआप दगडमाती रचून, गोणपाट टाकून गोल टेकाड करायला जातो. तो किल्ला लांबून बघायचा असतो, त्यावरचा मावळा चिखलात रोवून बसवता येतो. वॉरगेममध्ये तोच मावळा एका संध्याकाळी वीस वेळा उचलून पुढे ठेवायचा असतो. म्हणून आधी बेस (सैनिकाच्या पायाखालची चकती) आणि हात यांचं माप घ्या, मग डोंगर.

आधी मापं

२८ मिमीचा सैनिक म्हणजे ढोबळमानाने १:६० प्रमाण. या हिशेबाने ३०० मीटरचा कडा टेबलावर पाच मीटर उंच होईल, म्हणजे घराच्या छताच्या वर. तेव्हा उंचीत खरं प्रमाण पाळायचा विचारच सोडा. सैनिकाच्या पाच-सहा पट उंची, म्हणजे १५ ते १८ सेंमी, एवढ्यावर डोळ्याला तो डोंगर वाटतो. २५ सेंमीच्या वर गेलात तर पलीकडचा खेळाडू उभं राहिल्याशिवाय खिंडीत काय चाललंय ते पाहू शकत नाही.

उतार तीनास एकपेक्षा चढा नको, म्हणजे तीन सेंमी आडवं गेल्यावर एक सेंमी चढ. धातूचे सैनिक वरून जड असतात, ते याहूनही आधी कलंडतात. त्यामुळे उताराऐवजी पायऱ्या हव्यात, आणि इथे सह्याद्री आपल्या बाजूने आहे. लाव्हाचे थर एकावर एक आडवे साचून दख्खनचा बेसाल्ट तयार झाला. कडा, मग सपाट पट्टा, पुन्हा कडा, वर पठार, हीच त्याची खरी घडण. ‘डेक्कन ट्रॅप’ या त्याच्या नावातला ‘ट्रॅप’च पायरीसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून आलंय. युरोपातल्या गोलसर हिरव्या टेकड्यांचे व्हिडिओ बघून डोंगर केला तर तो खेळायलाही वाईट आणि सह्याद्रीसारखा तर अजिबातच दिसत नाही.

सपाट पट्ट्याची रुंदी बेसवरून ठरवा. २५ मिमी गोल बेसची एक रांग उभी करायला किमान ३५ मिमी लागतात. दोन रांगा आणि बोटांना जागा धरली तर सहा सेंमी. घोडदळ डोंगरावर चढवायचं नसेल तर त्याच्यासाठी पट्टा रुंद करू नका. खिंडीचा तळ मात्र १५ सेंमीच्या खाली नेऊ नका. नकाशावर १० सेंमी छान वाटतात, पण दोन्ही बाजूंना कडे असले की मूठ आत जात नाही आणि प्रत्येक चालीला कड्यावरचे चार मावळे खाली पडतात.

आता मांडणी. मोगल सरदार कारतलब खानाची फौज लोणावळ्याच्या अंगाने कुरवंडे घाट उतरून खाली आली आणि फेब्रुवारी १६६१ च्या सुरुवातीला उंबरखिंडीत अडकली. लांबलचक रांग, अरुंद वाट, दोन्हीकडे रान आणि रानात दबा धरलेले मराठे. टेबलाला म्हणून लागतं एवढंच: लांबीभर धावणारी खिंड आणि दोन्ही बाजूंना पट्ट्यापट्ट्यांचे डोंगर. सहा फूट म्हणजे साधारण १८० सेंमी. दर बाजूला ६० सेंमी लांबीचे तीन तुकडे, प्रत्येकाची खोली ४५ सेंमी. टेबलाच्या १२० सेंमी रुंदीतून दोन्हीकडचे ९० गेले की मधे ३० सेंमी उरतात. तुकड्यांची आतली कड वेडीवाकडी ठेवून, कुठे सोंड पुढे काढून, हाच तळ १५ ते ३० सेंमी असा कमीजास्त करा. बाहेरच्या तीन कडा मात्र सरळ हव्यात आणि जोडावर पट्ट्यांची उंची सहाही तुकड्यांत सारखी हवी: पहिला पट्टा ५ सेंमीवर, दुसरा १० वर, माथा १५ वर. असं केलं की तुकडे अदलाबदल करून पुढच्या वेळी वेगळं खोरं मांडता येतं.

तळ आणि गाभा

तळासाठी पुठ्ठा वापरू नका. वरून ओला फेविकॉल लागला की सुकताना तो आकसतो आणि पुठ्ठ्याच्या कडा वर उचलल्या जातात. तीन मिमीच्या एमडीएफचंही तेच होतं. तो वापरायचाच असेल तर खालच्या बाजूलाही रंगाचा एक हात द्या, म्हणजे ओढ दोन्हीकडून सारखी राहते. सगळ्यात चांगला तळ म्हणजे जुना पाच मिमी सनबोर्ड. प्रदर्शनं, दुकानांची उद्घाटनं आणि निवडणुका आटोपल्या की फ्लेक्सवाल्यांकडे हे बोर्ड धूळ खात पडलेले असतात. पाण्याने वाकत नाही, कटरने कापता येतो, वजनाला हलका.

त्याची अडचण एकच. तो पीव्हीसी आहे, त्यावर फेविकॉल धरत नाही. सुकल्यावर सालीसारखा निघतो. रबर सोल्युशन, म्हणजे फेविबाँडच्या जातीचा चिकट गोंद, सनबोर्डला धरतो, पण थर्माकोलला खातो. म्हणून मधे कापड घाला. सनबोर्डला ८० नंबरच्या पॉलिशपेपरने ओरखडे काढा, जुन्या चादरीचा किंवा मांजरपाटाचा तुकडा रबर सोल्युशनने चिकटवा आणि रात्रभर वास पूर्ण जाईपर्यंत ठेवा. त्या कापडावर थर्माकोल फेविकॉलने छान बसतो.

थर्माकोल विकत घेऊ नका. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेपासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे आणि १ जुलै २०२२ पासून ती देशभर आहे. फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीनच्या खोक्यांत येणारं पॅकिंग मात्र अजून ढिगाने मिळतं, आणि ते दाट असल्यामुळे आपल्या कामाला जास्त चांगलं. उपकरणांच्या दुकानात शनिवार-रविवारच्या विक्रीनंतर विचारा. पॅकिंगमधले खळगे कापलेल्या तुकड्यांनी भरून घ्या. निळा किंवा गुलाबी दाट फोम, ज्याला एक्सपीएस बोर्ड म्हणतात, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या किंवा कोल्ड स्टोरेजच्या कामावर उरलेला मिळाला तर सोडू नका. पण तो कड्यांच्या कोरीवकामासाठी राखून ठेवा, पोटात भरण्यात वाया घालवू नका.

कापायला १८ मिमीचा कटर चालतो. पातं पूर्ण बाहेर काढा, आडवं धरा, करवतीसारखं लांब ओढत कापा. दाणे उडायला लागले की पातं बोथट झालं. टोकाचा तुकडा मोडून टाका. तापलेल्या तारेने काम स्वच्छ होतं. ०.३ मिमी जाडीच्या नायक्रोम तारेचा ३० सेंमी तुकडा घेतला तर त्याचा रोध साधारण ४.७ ओहम भरतो. ६ व्होल्ट, २ अँपिअरच्या अ‍ॅडाप्टरवर त्यातून सव्वा अँपिअरच्या आसपास प्रवाह जातो आणि तेवढा पुरतो. तार लाल दिसली तर ती फार तापली आहे: कापताना फट रुंद होते आणि धूर वाढतो. घरातल्या २३० व्होल्टच्या लाइनला डिमर वगैरे लावून हा प्रयोग कधीही करू नका. गॅलरीत किंवा पंखा बाहेरच्या दिशेला लावून कापा. गादीचा फोम आणि सनबोर्ड या तारेने मुळीच कापायचे नाहीत, त्यांचा धूर विषारी असतो.

थर एकमेकांवर चिकटवताना नेहमीची फसगत अशी: दोन मोठ्या सपाट तुकड्यांत फेविकॉल माखला, वरून दाबला, चार दिवसांनी उचललं तर मधला गोंद पांढरा ओलाच. थर्माकोलमधून हवा जात नाही, मग पाणी जाणार कुठून? दोन्ही पृष्ठभागांवर दाभणाने दर दोन-तीन सेंमीवर भोकं पाडा, कटरने चार-पाच चरे बाहेरच्या कडेपर्यंत न्या आणि गोंद पातळ लावा. प्रत्येक थरातून बांबूच्या चार काड्या तिरप्या, एकमेकींना छेद देतील अशा खुपसा. मग गोंद सुकायची वाट न बघता पुढचं काम चालू ठेवता येतं. फेविक्विक इथे नको, तोही थर्माकोल खातो. ग्लूगन चालते, पण टोक टेकवू नका आणि गोंद आधी काडीवर किंवा लाकडावर घ्या.

कातळ

टेबलावरचा डोंगर सह्याद्रीचा वाटतो की नाही ते इथे ठरतं, म्हणून वेळ इथेच घाला. कडा थर्माकोलमध्ये कोरायला जाऊ नका. दाणे दिसतातच, कितीही पुट्टी लावा. त्याऐवजी सॉफ्टबोर्ड वापरा. शाळा-ऑफिसांतल्या नोटीसबोर्डात असतो तो, १२ मिमी जाड, लाकडाच्या लगद्याचा. ऑफिसचं नूतनीकरण झालं की भंगारात निघतो. वरचं कापड सोला, टाचण्या उपटा.

हा बोर्ड कापायचा नाही, फाडायचा. टेबलाच्या कडेवर ठेवून तीन-चार सेंमी रुंदीची पट्टी खाली दाबत मोडा आणि उरलेला भाग वर ओढत फाडा. फाटलेल्या कडेला पापुद्रे सुटतात आणि हुबेहूब झिजलेला बेसाल्ट दिसतो. पाच सेंमीच्या कड्याला चार पट्ट्या एकावर एक लागतात. प्रत्येक वरची पट्टी दोन ते चार मिमी मागे, पण एकसारखी मागे नको. एखादी पुढे झुकू द्या. खऱ्या कड्यात जाड आणि पातळ थर आलटून पालटून येतात, म्हणून कुठे दोन पट्ट्यांमधली फट पुट्टीने बुजवून एक जाड थर करा. उभे सांधे विटांच्या भिंतीसारखे चुकवा. दोन-तीन ठिकाणी पट्ट्या मुद्दाम तोडून चार सेंमी रुंदीची घळ ठेवा. त्या घळीतून मावळे वर-खाली करतील. ती नसली तर पट्ट्यावर चढायची वाट कुठली, यावर खेळात वाद होतो.

फाडल्यावर कडेला बारीक केस उभे राहतात. तसाच रंग दिला की ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश, त्या केसांवर अडकतो आणि कडा लोकरीचा दिसतो. एक भाग फेविकॉल आणि दोन भाग पाणी असं मिश्रण ब्रशने दाबून लावा, केस बसवा, एक रात्र सुकू द्या. मिश्रण याहून पातळ नको: सॉफ्टबोर्ड पाणी पिऊन फुगतो आणि थर उकलतात. फॉल्स सीलिंगच्या मिनरल फायबर टाइल्सही अशाच फाटतात, पण त्यांची धूळ घशात जाते, मास्क लावूनच हात घाला.

जिथे कातळ नाही तिथल्या थर्माकोलवर वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचे दोन थर द्या, फेविकॉल आणि पाणी निम्मे-निम्मे. खळ वापरलीत तर स्वस्त पडेल, पण खळीला कसर आणि झुरळं लागतात. जुने बुकबाइंडर म्हणूनच तीत मोरचूद घालत. मोरचूद विषारी आहे, लहान मुलं खेळणार असतील तर फेविकॉलच बरा. कागद सुकला की पुट्टी: तीन भाग पांढरी वॉल पुट्टी, एक भाग फेविकॉल आणि श्रीखंडाइतकं घट्ट होईल इतपत पाणी. नुसती पुट्टी ठिसूळ असते, बोट लागलं की कोपरा उडतो. फेविकॉलमुळे ती चिवट होते. एका हातात दोन मिमीच्या वर लावू नका आणि उन्हात सुकवू नका, नाहीतर जाळीसारख्या भेगा पडतात. पुट्टी ओली असतानाच पायवाटेवर चाळलेली रेती भुरभुरवा. किनाऱ्यावरची वाळू आणली असेल तर तीन-चार पाण्यांतून धुऊन घ्या. मीठ राहिलं तर पावसाळ्यात पृष्ठभाग ओलसर होतो आणि पांढरे डाग फुटतात.

रंग

स्प्रे कॅनमधला द्रावक आणि त्याला बाहेर ढकलणारा वायू, दोन्ही थर्माकोल विरघळवतात. कागद-पुट्टीच्या आवरणात टाचणीएवढी फट राहिली तरी आतून पोकळी होते आणि महिन्याभराने डोंगर खचतो. ऑइलपेंटमधलं टर्पेंटाइनही तेच करतं, जरा सावकाश. तेव्हा सगळं काम पाण्याच्या रंगांत, ब्रशने.

त्यासाठी महागड्या बाटल्या लागत नाहीत. फरशीच्या कामाला लागणारी ऑक्साइडची पूड हार्डवेअरच्या दुकानात सुटी मिळते: काळी, लाल आणि पिवळी. घरी गेरू असतोच. एक किलो पांढरा डिस्टेंपर घ्या. एवढ्यात सह्याद्रीचे बहुतेक सगळे रंग बसतात, कारण हे मातीचेच रंग आहेत. स्टेनरच्या (पांढऱ्या रंगाला छटा देणाऱ्या) ट्यूबा पांढऱ्यात ओतून काळा करायचा प्रयत्न बहुतेक जण करतात. तो राखाडीच राहतो, आणि स्टेनर जास्त झाला की रंग धरत नाही, बोटाला लागत राहतो. गडद रंगाचा पाया वेगळा करा: एक वाटी फेविकॉल, दोन वाट्या पाणी, चार मोठे चमचे काळा ऑक्साइड, अर्धा चमचा लाल. पूड आधी थोड्या पाण्यात घोटून घ्या, नाहीतर गुठळ्या राहतात. हा हात रंगही देतो आणि सगळं घट्ट बांधूनही ठेवतो. फटीत पांढरं दिसेनासं होईपर्यंत लावा.

मग ड्रायब्रश. त्याच काळ्यात डिस्टेंपर आणि चिमूटभर पिवळा ऑक्साइड घालून उबदार करडा करा. निळसर करडा नको, त्याने डोंगर स्कॉटलंडचा होतो. दोन इंची स्वस्त ब्रश रंगात बुडवा, वर्तमानपत्रावर पुसा, संपला असं वाटेपर्यंत पुसा, आणि मग फाटलेल्या कडांवरून आडवा फिरवा. दुसरा हात आणखी फिका, फक्त वरच्या ओठांवर. शेवटी वॉश: एक भाग काळा, दहा भाग पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, म्हणजे पाणी थेंब न धरता फटीत उतरतं. पावसाळ्यात कड्यांवरून पाणी वाहून उभे काळे ओघळ राहतात, ते याच वॉशने वरून खाली ओढा. दोन लाव्हाथरांच्या मधे कधी कधी विटकरी मातीचा पातळ थर दिसतो. एखाद्या फटीत गेरूची आडवी रेघ मारली की कडा एकदम ओळखीचा होतो. एखाद्याच फटीत, प्रत्येक फटीत नको.

गवताबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या: लढाई फेब्रुवारीतली आहे. माथे आणि पट्टे तेव्हा पिवळे-सोनेरी असतात, हिरवं फक्त खाली ओढ्याकाठी आणि घळींत. बहुतेक टेबलं श्रावणातली दिसतात. वाळलेल्या गवतासाठी काथ्याची दोरी उसवा, सात-आठ मिमीचे तुकडे करा, दाभणाने भोक पाडून गोंदाचा थेंब घाला, चिमटीभर रोवा आणि सुकल्यावर कात्रीने छाटा. जमिनीसाठी लाकडाचा भुसा चाळून त्यात पिवळा ऑक्साइड आणि थोडा डिस्टेंपर घोटून कालवा. सागाचा भुसा तेलकट आणि गडद असतो, रंग नीट घेत नाही. पॅकिंगच्या खोक्यांच्या हलक्या लाकडाचा घ्या. वापरलेली चहाची पूड पालापाचोळ्याला उत्तम, फक्त साखर-दूध धुऊन काढा आणि कढईत मंद आचेवर कोरडी करा. तशीच वापरलीत तर आठवड्यात बुरशी. डास मारायच्या रॅकेटपासून गवत उभं करायचं यंत्र करतात, ते नायलॉनच्या धाग्यांसाठी आहे; काथ्याला त्याचा उपयोग नाही.

रान

या लढाईत रान हीच मराठ्यांची तटबंदी. सहा बाय चारला चाळीस-पन्नास झाडं लागतात, आणि विकत घ्यायची म्हटली तर सगळा खर्च इथेच होतो. झाडं डोंगराला कायमची चिकटवू नका. प्रत्येक झाडाखाली कुणी ना कुणी लपणार, आणि त्याला उचलताना फांद्या मोडणार. तीन-तीन झाडं एका बेसवर घ्या. सैनिक आत आले की झाडांचा बेस बाजूला सरकवायचा.

बेससाठी जुन्या सीडी घ्या: १२० मिमी व्यास, १.२ मिमी जाड, पाण्याने वाकत नाहीत. सहा सेंमीच्या पट्ट्यावर अख्खी सीडी मावत नाही, तिथे तिचे अर्धे तुकडे ठेवा. गरम पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवून जाड कात्रीने कापा, थंड सीडी तडकते आणि तिचे कपचे डोळ्यात जातात. छापील बाजू खाली करा. लोक उलटं करतात; छापील बाजूचा थर पापुद्र्यासारखा सुटतो आणि त्याबरोबर झाडही येतं. चकचकीत प्लॅस्टिकची बाजू वर ठेवून ८० नंबरने घासा आणि रबर सोल्युशन वापरा, इथे थर्माकोल नसल्यामुळे त्याची भीती नाही. मधलं १५ मिमीचं भोक मागून पुठ्ठा लावून पुट्टीने बुजवा.

खोडाला तुरीच्या किंवा कपाशीच्या वाळक्या काड्या चालतात. वाळलेल्या तुळशीला फांद्या फारच सुंदर असतात, ज्या घरी चालत असेल त्यांनी जरूर घ्याव्यात. एकसारखी मजबूत झाडं हवीत तर तारेची करा: जुन्या वायरिंगमधली तांब्याची तार, २० सेंमीचे बारा-चौदा तुकडे. खालचे तीन सेंमी मुळांसाठी फाकवा, वर सहा सेंमी पीळ द्या, मग तीन-चारच्या गटांत फांद्या काढत न्या. बांधकामाची बाइंडिंग तार स्वस्त आहे, पण ती गंजते आणि गंज पुट्टीतून बाहेर फुटतो. पीळ झाकायला पुट्टी-फेविकॉल पातळ करून ब्रशने दोन हात. खोडाचे खालचे पाच-सहा सेंमी मोकळे ठेवा, म्हणजे सैनिक आणि बोटं आत शिरतात. झाडाची एकूण उंची १२ ते १८ सेंमी पुरे.

पानांसाठी गादीवाल्यांकडचा फोमचा चुरा. दोन सेंमीचे तुकडे करून भिजवा, मिक्सरच्या जुन्या भांड्यात भरपूर पाणी घालून थांबून थांबून फिरवा. कोरडा फोम घातला तर मोटर जळते. आणि हे भांडं पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही, हे घरात आधीच सांगून ठेवा. पिळून घ्या, दोन लिटर चुऱ्याला साधारण ६० मिली रंग आणि १०० मिली पाणी, हातमोजे घालून मळा, सावलीत दोन दिवस वाळवा. निम्मा चुरा गडद हिरवा, निम्मा पिवळट. मोठ्या भोकांच्या चाळणीने जाड आणि बारीक वेगळा करा. फांद्यांवर आधी काथ्याचे विसविशीत तंतू ओढून बसवा, निम्म्या-निम्म्या फेविकॉल-पाण्यात झाड बुडवून झटका, जाड गडद चुरा लावा, आणि वरून फक्त माथ्यावर बारीक पिवळट. तंतूंशिवाय थेट चुरा लावला तर झाड फुलकोबीसारखं दिसतं.

बांबूच्या बेटांना खराट्याच्या काड्या, करवंदीच्या जाळ्यांना भांडी घासायची जाड घासणी पिंजून. जाळी म्हणजे करवंदच, टणटणी नको. ती आणि गुलमोहर आपल्याकडे आले ते एकोणिसाव्या शतकात. निलगिरीही नको. खिंडीचं नाव ज्या झाडावरून आहे तो उंबर मात्र एक तरी मोठा करा, खोड जाड, बुंध्यालाच फांद्या.

ओढा आणि घरं

ओढ्यासाठी जुन्या फ्लेक्सच्या आठ सेंमी पट्ट्या, घासून, कडेला पुट्टी आणि रेती, मधे काळपट तपकिरी रंग. निळा नको, डोंगरातलं उथळ पाणी तळाचा रंग दाखवतं. वरून पाण्यावर आधारित क्लिअर वार्निशचे तीन पातळ हात. चमक आणायला फेविकॉल ओतू नका, दमट हवेत तो दुधाळ होतो.

दोन-तीन झोपड्या पुरेत: बुटाच्या खोक्याच्या भिंती, कुडासाठी खराट्याच्या काड्या, छपराला काथ्या किंवा कूलरच्या गवती जाळीचे झुबके, खालून वर लावत. कौलारू हवं असेल तर पन्हाळीच्या पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोला, नळीची कौलं तयार. मंगळुरी कौलं लावू नका. त्यांचा पहिला कारखाना बासल मिशनने मंगळुरात १८६५ मध्ये काढला, म्हणजे लढाईनंतर दोनशे वर्षांनी.

पावसाळा आणि साठवण

रंगाच्या शेवटच्या हातानंतर दोन आठवडे तरी उघड्यावर राहू द्या, मगच खोक्यात. जूनमध्ये काम काढलंत तर प्रत्येक सुकण्याची वेळ दुप्पट धरा आणि सॉफ्टबोर्ड पावसाळा सरल्यावरच फाडा. तुकडे एकमेकांवर रचू नका, उभे ठेवा, कडे एकमेकांसमोर आणि मधे जुनं कापड. झाडांच्या सीडी उंच खोक्यात तळाला दुहेरी टेपने टेकवल्या की प्रवासातही मोडत नाहीत.

आणि खोक्यात डांबराच्या गोळ्या टाकू नका. नॅफ्थलीनची वाफ पॉलिस्टायरीनला मऊ करते, आणि थर्माकोल पॉलिस्टायरीनच आहे. वॉरगेमचे बहुतेक कडक प्लॅस्टिकचे सैनिकही त्याचेच असतात: भाले वाकतात, बेस चिकट होतो. बुटांच्या आणि औषधांच्या डब्यांत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या साठवून ठेवा, दर खोक्यात आठ-दहा टाका.